परतीचे कपडे

"हे काढा," मी म्हणाले.

"काढलं."

"हेही."

"काढलं."

खांबेटेकाकांच्या हॉलमध्ये जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर त्यांच्या सॅकमधली एकूण एक वस्तू मांडली होती. दाराच्या कडीला मी हूकवाला ताणकाटा टांगला होता. हातात यादी, कानावर पेन्सिल. तेव्हा मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर ग्रॅमभर फरकासाठी पार्ट नापास करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींच्या सॅका. ट्रेकच्या ग्रुपमध्ये तोंडावर मला चारू म्हणत आणि पाठीमागे काटा. मला त्याचा अभिमानच होता.

"दोन सुऱ्या कशाला? एक ठेवा."

"दोन्ही काढतो. तुझी आहे ना?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस एक जादा चमचा काढायचा तर अर्धा तास भांडायचा. काका पाटबंधारे खात्यातले निवृत्त सर्व्हेअर. बासष्ट वर्षांचे. गेली अठ्ठावीस वर्षं ते घाटमाथा तुकड्यातुकड्यानं चालत आले होते, आणि कॉलेजात असताना मी पहिला कडा चढले तो त्यांच्याच पाठोपाठ. दोन वर्षांपूर्वी सोळा किलोची सॅक घेऊन ते शेवटच्या तुकड्याला निघाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. माघारी यावं लागलं. त्याच पावसाळ्यात शालनकाकू गेल्या. नंतर दीड वर्ष काका घराबाहेरच पडले नाहीत. मग डिसेंबरात अचानक फोन आला, "चारू, तो तुकडा राहिलाय. संपवून टाकू."

मला इतका आनंद झाला होता की मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

"रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घ्या," मी म्हणाले. "अख्खी पट्टी नको."

त्यांनी कात्रीनं पट्टी कापली, हवा तेवढा तुकडा खिशात टाकला.

शेवटी चादरीवर एक निळी पिशवी उरली. परतीचे कपडे. आमच्या मंडळींचा हा कायमचा तंटा. पाच-सहा दिवस एकाच कपड्यात घामानं थबथबून काढायचे, पण घरी येताना एसटीत माणसासारखं बसता यावं म्हणून धुतलेला एक जोड सॅकच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यायचा. सातशे ग्रॅम, नुसते मिरवायला. भल्याभल्यांनी माझ्यासमोर सॅका उलट्या केल्या, पण परतीचे कपडे काढायला कोणी राजी झालं नव्हतं. मी स्वतःसुद्धा नेतच होते. काकांचा जोड काकू बांधून द्यायच्या. इस्त्री करून, घड्यांच्या मध्ये साबणाच्या वडीचा कागद घालून.

मी काही म्हणायच्या आत काकांनी ती पिशवी उचलून सोफ्यावर ठेवली.

"हे लागणार नाहीत."

"काका! खरंच?"

"खरंच. काय करायचेत?"

मी टाळ्या वाजवल्या. अगदी खरोखरच्या. काट्याला सॅक अडकवली, पाण्यासकट सहा किलो नऊशे. सोळावरून सहा नऊशे! ग्रुपमध्ये कोणाचाच आकडा एवढा खाली आला नव्हता. काका हसले आणि चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात माझा फोन वाजला. काकांची मुलगी नूपुर, कोचीहून.

"परवा निघताय ना तुम्ही?"

"हो. आणि गुडघ्याची काळजी करू नकोस. मी त्यांचं वजन इतकं उतरवलंय ना..."

"गुडघ्याचं नाही म्हणत मी. गेल्या महिन्यात त्यांनी आईच्या साड्या वाटून टाकल्या. सगळ्या, एका दिवसात. एकही ठेवली नाही. मी चिडले तर म्हणाले, आवराआवर करतोय. चारू, त्यांना परत आण. एवढंच."

"आणते की! हरवायला ते काय लहान आहेत?"

"आण म्हणजे झालं," ती म्हणाली.

आता ही गोष्ट लिहायला बसले की मी इथेच अडखळते. एवढं स्वच्छ सांगितलं होतं तिनं. पण माझं डोकं त्या आकड्यात होतं. मला वाटलं, मुली लांब राहतात आणि उगाच जिवाला घोर लावून घेतात.

*

जानेवारीचा शेवट होता. पहिला दिवस छान गेला. काका माझ्या पुढे चालत होते आणि गुडघ्याचं नावही काढत नव्हते. गवत वाळून सोनेरी झालं होतं, पण बऱ्याच डोंगरांना वणवा लागून गेला होता, आणि तासन् तास आम्ही काळ्याभोर उतारांवरून चाललो. पायांखाली राख उडायची. एकाही पक्ष्याचा आवाज नव्हता. इतर वेळी काका अशा ठिकाणी थांबून हे गवत कुठलं, वणवा कोणी लावला असेल, असं काहीबाही सांगत बसायचे. या खेपेला ते काहीच सांगत नव्हते.

दुसऱ्या दुपारी एका वाडीत आम्ही पाणी भरलं. निघताना बघते तर काकांनी आपला गॅसचा छोटा स्टोव्ह आणि पातेलं तिथल्या घरात देऊन टाकलं होतं.

"चुलीवर करू. तीन दगड कुठेही मिळतात, आणि पातेलं तुझं आहे ना," ते म्हणाले.

मी मनात बेरीज केली. "साडेसहाशे ग्रॅम! शाब्बास, काका!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी टॉर्च देऊन टाकली, वाटेत भेटलेल्या एका लाकूडतोड्याला. तुझी आहे ना, म्हणाले. मी पुन्हा शाबासकी दिली. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, माझा चेला तयार झाला. उलट मीच त्यांच्यापुढे कमी पडतेय असं वाटून त्या संध्याकाळी मी माझ्या सॅकमधला जादा टॉवेल चुलीत घातला.

चौथ्या दिवशी आम्ही एका धनगरवाड्यावर उतरलो. तीन घरं, त्यातली दोन बंद. तिसऱ्यात ठकूबाई नावाची म्हातारी आणि तिच्या म्हशी. तिनं आम्हाला ताक दिलं, पडवीत झोपायला जागा दिली. सकाळी काकांनी स्लीपिंग बॅगची वळकटी तिच्यापुढे ठेवली आणि वर गळ्यातली दुर्बीणही काढून ठेवली. ती दुर्बीण त्यांना निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी दिली होती. तिच्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं.

"अहो, दुर्बीण?" मी म्हणाले. "आणि आज रात्री कड्यावर थंडी असेल."

"एकच रात्र. शालीवर निघेल. दुर्बीण मानेला रुतते."

ते पुढच्या वळणावर जाऊन उभे राहिले. मी बुटाच्या नाड्या बांधत होते. ठकूबाई माझ्याजवळ येऊन बसली. वळकटीला तिनं हातही लावला नव्हता.

"पोरी, ह्यो तुजा कोन? बा?"

"नाही, काका. त्यांच्याकडूनच शिकले मी डोंगरात चालायला."

"मंग ऐक. हितनं जानारी मानसं म्या लई बघितली. समदी मागत्यात. ताक दे, पानी दे, वाट दाव. ह्यो मातुर देतच सुटलाय."

"ओझं कमी करतायत, आजी. गुडघा दुखतो त्यांचा."

"आसंल." ती वळणाकडे बघत होती. "पर ज्याला परत यायचं आसतंय त्यो नाव तरी इचारतो. रातभर ऱ्हायला, जेवला, येवढं मोलाचं दिऊन चालला, आन् माजं नाव काय, ह्ये काय त्यानं इचारलं न्हाई."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, ते जरा अबोल आहेत. ठकूबाईनं माझ्याकडे पाहिलं ते मला मुळीच आवडलं नाही.

"त्येची सोबत सोडू नगंस," ती म्हणाली.

*

पाचव्या दिवशी साडेबाराच्या सुमारास आम्ही शेवटच्या टाक्यापाशी पोचलो. कातळात खोदलेलं टाकं, काठोकाठ गार पाणी. इथून तासाभरावर कडा. रात्री कड्यावर मुक्काम करायचा आणि सहाव्या दिवशी नाळेनं, म्हणजे डोंगराच्या घळीतून, खाली कोकणात उतरायचं, असा बेत होता. खाली गाव, गावात एसटी. तिथे काकांची अठ्ठावीस वर्षांची चाल पुरी होणार होती.

आम्ही दशम्या खाल्ल्या. मग काकांनी खिशातून त्यांची वही काढली. तेलकट पुठ्ठ्याची, दोरा बांधलेली. घाटमाथ्यावरचं प्रत्येक पाणी तिच्यात होतं. कुठलं टाकं कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, कुठल्या झऱ्यात जळवा असतात, सगळं. या वहीला ते कोणाला हात लावू देत नसत. मी एकदा झेरॉक्स मागितली होती तर चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

"ही तुझ्या सॅकमध्ये टाक."

"माझ्या? का?"

"माझं ओझं," ते म्हणाले आणि हसले. "तू असं कर चारू, उद्या सकाळी लवकर पुढे उतर. नाळ सोपी आहे. मी जरा कड्यावर बसेन म्हणतो. मागून येतो."

"एकत्र उतरू की."

"एवढी वर्षं चाललो. शेवटी थोडा वेळ एकटा बसू दे."

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. मी वही सॅकमध्ये घातली आणि माझ्या दोन्ही बाटल्या भरल्या. काकांनी त्यांची एकच बाटली पाण्यात धरली आणि अर्धी भरल्यावर झाकण लावलं.

"अर्धीच? रात्रीचं, सकाळचं, नाळ उतरतानाचं..."

"पुरेल."

पाण्याच्या बाबतीत मी कधी काटकसर करू देत नसे. ते एकच वजन मला मान्य होतं. म्हणून मी सवयीनं खिशातली यादी काढली. काकांच्या नावाखाली दिलेल्या वस्तूंवर काट मारत गेले. स्टोव्ह. पातेलं. टॉर्च. स्लीपिंग बॅग. दुर्बीण. उरलं काय? एक शाल, एक ताटली, चष्म्याचं घर. आणि गोळ्या.

"काका, गोळी घेतलीत आजची?"

"घेतली ना." त्यांनी खिशातून पट्टीचा तुकडा काढून मला दाखवला. "संपल्या."

पाच घरं होती त्या तुकड्याला. पाचही रिकामी.

प्रवास सहा दिवसांचा होता. आणि त्यानंतर घर होतं, पण घरासाठी, एसटीसाठी त्यांनी काही घेतलंच नव्हतं. मी यादीकडे बघत राहिले. त्या सॅकमध्ये उद्यासाठी काहीही नव्हतं. आजची रात्र निघेल तेवढंच त्यांनी ठेवलं होतं, अगदी नेमकं, माझ्याहून काटेकोर. आणि प्रत्येक वस्तू गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

समोर काका तोंड धूत होते, अगदी सावकाश, जणू काही घाईच नव्हती.

विचारायचं कसं? ते हसून म्हणाले असते, काय वेडी आहेस का, आणि मग सावध झाले असते. फोनला रेंज नव्हती. माणूस नव्हता. माझ्यापेक्षा त्यांच्यात दुप्पट ताकद होती, आणि कडा तासाभरावर होता.

आम्ही निघालो. मी मुद्दाम मागे राहिले. नाळेचं तोंड कड्याच्या बरंच अलीकडे उजव्या हाताला फुटतं. त्याच्या जरा आधी दोन पुरुष उंचीचा एक कातळटप्पा लागला. काका सरसर उतरून गेले. मी शेवटच्या पायरीवरून स्वतःला खाली टाकलं आणि किंचाळले.

"काय झालं?"

"पाय! पाय मुरगळला."

नाटक मला शाळेतही जमलं नव्हतं, पण रडू मात्र खरं आलं. टाक्यापासून दाबून धरलेलं होतं ते. काका धावत आले, बूट सोडला, घोटा दाबून पाहिला. सूज नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"क्रेप बँडेज दे."

"मी काढून टाकलंय. साठ ग्रॅम होतं."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग गळ्यातला पंचा फाडून पट्टी बांधली. "आता बस इथेच. आज इथे राहू."

"नको! सकाळी सुजला तर पाऊल टाकता यायचं नाही. आत्ताच खाली जायचं. आत्ता."

"कड्याला नाही जायचं?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "चारू, अर्ध्या तासावर आहे."

"मला नाही चालवत, काका."

ते उभे राहिले. डावीकडे, जिकडे गवत संपून नुसतं आकाश होतं, तिकडे त्यांनी पाहिलं. किती वेळ कोण जाणे. वाऱ्यानं त्यांचा शर्ट पाठीमागे फुगला होता. मी डोळे मिटून घेतले.

"सॅक दे," ते म्हणाले.

माझी सॅक आठ किलोची होती, तंबू आणि शिधा माझ्याकडे होता. त्यांनी स्वतःची सॅक घडी घालून माझ्या सॅकमध्ये कोंबली. ती मावली! एखादा सदरा ठेवावा तशी. मग ते ओझं पाठीला लावून त्यांनी मला खांदा दिला, आणि मी अंगातलं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं. आयुष्यात कधी कोणावर टाकलं नसेल इतकं. जमलं असतं तर सॅकमध्ये दोन धोंडेही घातले असते.

नाळ म्हणजे नुसत्या शिळा. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, उन्हाची एक तिरीप नाही. दर दहा पावलांवर काका आधी खाली उतरत, मग वळून मला दोन्ही हातांनी उतरवून घेत. त्यांचा गुडघा थरथरत होता. मला ते कळत होतं आणि तरी मी लंगडत होते. अर्ध्या वाटेत एका मोठ्या शिळेवर त्यांनी मला बसवलं आणि सॅक खाली ठेवली.

"चष्म्याचं घर वरच राहिलं," ते म्हणाले. "टाक्यापाशी. घेऊन येतो."

"राहू दे."

"असा जातो आणि असा येतो. तू बस."

"काका, मी इथून एकटी हलू शकत नाही. तुम्ही गेलात तर मी इथेच राहीन. कोणाला कळणारही नाही मी इथे आहे म्हणून. तुम्हाला चालेल?"

ते वर बघत उभे होते. वरून छोटे छोटे खडे घरंगळत येत होते, एखाद्या माकडानं हलवले असतील.

"तुला सोडून कसा जाईन?" ते म्हणाले, आणि ते मला म्हणाले की आणखी कोणाला, ते मला आजही ठाऊक नाही.

त्यांनी सॅक उचलली. मला पुन्हा खांदा दिला.

साडेपाचला नाळ संपली. आंब्याची कलमं लागली, मग एक बांध, मग डांबरी रस्ता आणि एसटीचा थांबा. एक बाई हंडा घेऊन चालली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करत निघून गेली. मी काकांचा खांदा सोडून लंगडत लंगडत थांब्याच्या कट्ट्याकडे निघाले.

"चारू."

मी वळले. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. घामानं निथळत, पाठीवर माझी सॅक.

"आता नीट चाल. उजव्या पायाला पट्टी बांधलीय मी, आणि दुसऱ्या वळणापासून तू डाव्यानं लंगडतेयस."

दुसरं वळण म्हणजे नाळेच्या अगदी वरच्या टोकाला. चष्म्याच्या घराच्या कितीतरी आधी.

त्यानंतर काका अकरा वर्षं जगले. नूपुरकडे राहायला गेले, नातवाला पोहायला शिकवलं, आणि हृदयविकारानं झोपेत गेले. त्या अकरा वर्षांत त्यांनी या दिवसाचा कधी विषय काढला नाही, मीही नाही. मी सॅका तोलायचं मात्र त्या दिवसापासून सोडलं.

पण तेव्हा त्या रस्त्यावर मला एवढंच कळलं, की या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यानं मला खाली आणलं. मी मटकन कट्ट्यावर बसले आणि लाजबीज सोडून हमसून हमसून रडले. काका जवळ येऊन उभे राहिले. गुडघा वाकडा करून, सगळा भार एका पायावर घेऊन.

"सॅक उतरवा ना, काका," मी नाक पुसत म्हणाले. "पोचलो आपण."

त्यांनी दोन्ही हातांनी खांद्यावरचे पट्टे घट्ट धरले.

"असू दे," ते म्हणाले. "इतक्यात नको."